सत्ताविसावी ओव्हर: उन्हातल्या एका लीग मॅचचं प्रकरण

मी स्कोअरर आहे. म्हणजे त्या दिवशी मैदानावर जे थोडे लोक सावलीत बसून होते, त्यांतला एक. त्यामुळे खेळाडूंना शहाणपण शिकवायचा मला फारसा अधिकार नाही. माझ्याकडे आहे ते स्कोअरबुक. मला एक जुनी खोड आहे: प्रत्येक ओव्हर सुरू झाली की समासात पेन्सिलीनं वेळ टिपायची. एरवी तिकडे कुणी ढुंकून बघत नाही. या प्रकरणात मात्र त्या पेन्सिलीच्या आकड्यांनीच काय घडलं ते उलगडलं.

हौशी क्लबांची चाळीस ओव्हरची लीग मॅच होती. ऊन कडक. सत्ताविसाव्या ओव्हरमध्ये आमचा सलामीचा बोलर रनअप अर्ध्यात सोडून अंपायरपाशी उभा राहिला आणि म्हणाला, "सर, मी कुठल्या एंडनं टाकतोय?" त्याआधी तासभर काय चाललं होतं आणि त्यानंतर पाऊण तास काय झालं, ते इथे लिहितोय. पुढच्या आठवड्यात क्लबच्या बैठकीत जो तो एकच म्हणत होता, "पाणी कमी प्यायला असेल." ते मला पटलेलं नाही.

टॉस

आमच्या कॅप्टननं टॉस जिंकून फील्डिंग घेतली. नंतर यावरून त्याला बरंच बोलून घेण्यात आलं, पण त्याचा हिशेब सरळ होता. मॅच दहाला सुरू होणार, म्हणजे फील्डिंग साधारण पाऊण वाजेपर्यंत उरकेल आणि दुपारच्या भट्टीत समोरचे मैदानावर असतील. बॅटिंग करणाऱ्या टीमचे दोघंच उन्हात असतात, नऊ जण सावलीत. हिशेबात चूक नव्हती. चूक घड्याळात झाली. समोरच्या टीमचे चार जण उशिरा आले आणि पहिला बॉल पडला १०.४० ला. चाळीस मिनिटं घसरल्यावर टॉसच्या वेळचा हिशेब पुन्हा मांडायला हवा होता. तो कुणी मांडला नाही. मीही नाही.

मोबाइलवर तापमान ३९ दिसत होतं. तो आकडा हवेचा, आणि तोही सावलीतल्या. मैदानाच्या मधोमध उभ्या माणसाला वरून ऊन, खालून तापलेली खेळपट्टी आणि भोवती दमट किंवा कोरडी हवा, असं सगळं एकदम सोसावं लागतं. हे सगळं एका आकड्यात धरणारं माप आहे, वेट बल्ब ग्लोब टेंपरेचर. १९५० च्या दशकात अमेरिकी मरीन सैनिकांच्या प्रशिक्षणात उन्हानं माणसं कोसळायला लागली, त्यातून ते आलं. उघड्यावर ते काढताना ओल्या फडक्याच्या थर्मामीटरला ०.७, काळ्या गोळ्यातल्या थर्मामीटरला ०.२ आणि साध्या हवेच्या तापमानाला फक्त ०.१ इतकं वजन देतात. म्हणजे मोबाइलवरचं जे तापमान आम्ही एकमेकांना दाखवत होतो, त्याची यातली किंमत दहातली एक.

पुस्तकातल्या वेळा

लीगचा नियम होता: १४ आणि २८ ओव्हरनंतर ड्रिंक्स. क्रिकेटचे मूळ नियम किती ओव्हरनंतर पाणी प्यायचं हे सांगतच नाहीत. ब्रेक शक्य तितका छोटा असावा आणि पाच मिनिटांच्या वर जाऊ नये, इतकंच ते म्हणतात. ओव्हरचा आकडा लीगनं सोयीसाठी घातलेला.

पहिल्या चौदा ओव्हर १०.४० ते ११.३८, म्हणजे ५८ मिनिटांत पडल्या. ड्रिंक्स, आणि ११.४५ ला पुन्हा खेळ. (सात मिनिटं लागली. नियमाबाहेर, पण त्या दिवशी मला त्याची तक्रार नाही.) पुढच्या सहा ओव्हरना २९ मिनिटं लागली. त्यापुढच्या सहा ओव्हरना ३५, त्यातली चारेक झुडपात गेलेला बॉल शोधण्यात. सत्ताविसावी ओव्हर सुरू झाली १२.४९ ला.

जरा थांबून हे आकडे पाहा. पहिल्या टप्प्यात चौदा ओव्हरना ५८ मिनिटं. दुसऱ्या टप्प्यात बाराच ओव्हरना ६४, आणि पाण्याला अजून दोन ओव्हर बाकी. त्याच चालीनं ड्रिंक्सला एक वाजला असता, म्हणजे पाण्यावाचून ७५ मिनिटं, आणि तीही जास्त तापलेल्या तासातली. ऊन वाढलं की बोलर हळू चालतात, फील्डर रमतगमत जागा बदलतात, कॅप्टन प्रत्येक बॉलला विचार करतो. ओव्हर लांबतात. आणि पाणी ओव्हरला बांधलेलं असल्यामुळे ऊन जितकं वाढतं तितकं पाणी उशिरा येतं. गरज आणि सोय यांची दिशाच उलटी. इतकी वर्षं पेन्सिलीनं वेळा टिपतोय, पण हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं.

बोलरनं पहिल्या स्पेलमध्ये चार ओव्हर टाकल्या: एक, तीन, पाच, सात. पुस्तकात त्या स्वच्छ दिसतात, एक मेडनसुद्धा. मधल्या वेळात तो बाउंड्रीवर, पाण्याच्या डब्यापासून सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात. एकविसाव्या ओव्हरला कॅप्टननं त्याला परत आणलं, कारण समोरच्यांची भागीदारी जमली होती. एकविसावी ठीक. तेविसाव्यात दोन वाइड. पंचविसाव्यात तीन फुलटॉस, एक नो बॉल, एकूण १४ धावा. ओव्हर संपल्यावर त्यानं फाइन लेगला जायचं होतं. तो उलट्या टोकाला लाँग ऑनकडे चालत गेला. स्लिपमध्ये हशा पिकला. "अरे, घर तिकडे नाही!" असं कुणीतरी ओरडलं. माझ्या टेबलावरही आम्ही दोघं हसलो. सव्विसाव्यात बॉल त्याच्या बाजूनं गेला तेव्हा तो क्षणभर बघत राहिला आणि मग धावला.

सत्ताविसावी त्याची आठवी आणि कोट्यातली शेवटची. कॅप्टननं विचारलं, "एकच राहिलीय, टाकतोस ना?" त्यानं मान डोलावली. पहिला बॉल, पाय क्रीजच्या फूटभर पुढे, नो बॉल. दुसऱ्या बॉलला तो अर्ध्या रनअपमध्ये थांबला आणि त्यानं अंपायरला तो प्रश्न विचारला.

अंपायरनी हसण्यावारी नेलं नाही. त्यांनी त्याला उलट विचारलं, "आपण कुणाशी खेळतोय?" त्यानं आदल्या आठवड्यातल्या टीमचं नाव सांगितलं. अंपायरनी तिथेच खेळ थांबवला.

पुढची पंचवीस मिनिटं

१२.५३ ला त्याला झाडाखाली आडवं केलं. तिथे चार जणांनी चार तऱ्हा सांगितल्या. एकजण म्हणाला, पाणी पाजा. दुसरा, गाडी काढा आणि ताबडतोब दवाखान्यात न्या. तिसऱ्यानं कपाळाला हात लावून सांगितलं, "घाम येतोय, म्हणजे उष्माघात नाही." चौथी समोरच्या टीममधल्या एका खेळाडूची बहीण, मॅच बघायला आलेली. ती परिचारिका निघाली. तिनं बाकी तिघांचंही ऐकलं नाही.

तिनं जे केलं ते सविस्तर लिहितो. गोंधळलेल्या माणसाला तोंडानं पाणी द्यायचं नाही, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. बूट, मोजे, टी-शर्ट, आतली चड्डी सोडून सगळं काढलं. बर्फाच्या डब्यातलं पाणी डोक्यापासून पायापर्यंत ओतलं. चार टॉवेल त्या पाण्यात बुडवून अंगावर, आणि दर मिनिट-दोन मिनिटांनी बदलायचे, कारण अंगावरचा टॉवेल लगेच कोमट होतो. बर्फ काखेत, मानेला, जांघेत. दोघं जण पॅडनं वारा घालत होते. अँब्युलन्सला फोन आधीच गेला होता, पण तिचं म्हणणं एकच: आधी गार करायचं, मग हलवायचं. आमच्या गाडीत घालून वीस मिनिटं रहदारीतून नेलं असतं, तर ती वीस मिनिटं त्याचं अंग तापलेलंच राहिलं असतं. खरं तर बर्फाच्या पाण्याच्या टबात गळ्यापर्यंत बुडवणं सगळ्यात उत्तम. आमच्याकडे टब नव्हता.

घामाचंही तिनं सांगितलं. म्हातारी माणसं दिवसेंदिवस उकाड्यात बसून आजारी पडतात तेव्हा त्यांची कातडी बहुधा कोरडी असते. खेळताना होणाऱ्या उष्माघातात माणूस घामानं निथळत असू शकतो. शरीराचं आतलं तापमान ४० च्या वर आणि सोबत मेंदूचा गोंधळ, म्हणजे उष्माघात. कपाळावर किंवा काखेत लावलेलं थर्मामीटर अशा वेळी फसवतं, खरा आकडा गुदद्वारातूनच मिळतो, आणि मैदानावर ते कुणाकडे असणार? तेव्हा तिचा नियम असा की माणूस उन्हात खेळतोय आणि असंबद्ध बोलतोय, तर उष्माघात धरून चालायचं. चूक निघाली तर बिघडलं काय, एक माणूस भिजला.

अँब्युलन्स १.१४ ला आली. तोवर तो आम्हाला नावानं हाक मारत होता आणि थंडी वाजतेय म्हणून कुरकुरत होता. दवाखान्यात तापमान ३८.४ भरलं. ते गार केल्यानंतरचं, त्यामुळे आधी किती होतं हे कुणालाच सांगता येणार नाही. एक रात्र ठेवून घेतलं, रक्ततपासण्या झाल्या, दुसऱ्या दिवशी घरी.

मॅचचं काय?

याबद्दल क्लबमध्ये अजूनही दोन तट आहेत. आमचा कॅप्टन म्हणत होता, आम्ही दहा जण खेळतो. समोरचे १३१ वर ४ बाद होते आणि त्यांना थांबायचं नव्हतं. अंपायरनी सांगितलं की परिस्थिती 'आदर्श नाही' एवढ्यावर खेळ थांबवता येत नाही; नियमात तसं स्पष्ट लिहिलंय. पण खेळाडूच्या किंवा अंपायरच्या सुरक्षिततेला खरा आणि आधी दिसणारा धोका असेल, तर परिस्थिती धोकादायक ठरते. "आता आधी दिसणारा नाही असं कोण म्हणेल?" एवढं बोलून त्यांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. टोपी पिळली असती तर पाणी निघालं असतं. तेव्हा माझ्या डोक्यात आलं की दोन्ही डाव उन्हात उभी राहणारी माणसं मैदानावर दोनच, आणि ती अंपायर. पहिल्या ड्रिंक्सला त्यांच्यापर्यंत बाटली पोचली होती का, हे मला आठवत नाही. म्हणजे बहुधा पोचली नसावी. मॅच रद्द, गुण वाटून.

मग चुकलं कुठे

बैठकीत पाण्याचा मुद्दा निघाला तेव्हा बाराव्या खेळाडूनं चाचरत एक गोष्ट सांगितली. बोलरनं सकाळीच त्याला म्हटलं होतं की रात्री पोट बिघडलंय, कॅप्टनला सांगू नकोस, मॅच सोडायची नाही. म्हणून यानं त्याच्यासाठी ओआरएसची वेगळी बाटली केली. मात्र एक लिटरसाठीचं पाकीट अर्ध्या लिटरच्या बाटलीत ओतलं, 'जास्त ताकद' म्हणून. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात एक लिटर पाण्याला १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि २.६ ग्रॅम मीठ आहे, आणि ते द्रावण मुद्दाम रक्तापेक्षा पातळ ठेवलेलं आहे, २४५ मिलिऑस्मोल (लिटरमागे विरघळलेल्या कणांचं माप). रक्त साधारण २९० च्या आसपास. दुप्पट घट्ट केलं की ते रक्तापेक्षा कितीतरी दाट होतं आणि पाणी शरीरात जाण्याऐवजी उलट आतड्याकडे ओढलं जातं. आधीच बिघडलेल्या पोटाला हे. पोरानं चांगल्या मनानं केलं, त्याला कुणी काही बोललं नाही.

तीन आठवडे बोलर कामानिमित्त बाहेर, वातानुकूलित खोलीत होता, हेही तेव्हाच कळलं. शरीराला उन्हाची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात, आणि ऊन सुटलं की काही आठवड्यांत ती ओसरते. म्हणजे पोट बिघडलेला, सवय मोडलेला, झोप न झालेला माणूस आम्ही आठ ओव्हरसाठी धरला होता. जोरात धावणाऱ्या शरीरातली जेमतेम पाव ऊर्जा कामाला लागते. बाकीची सगळी उष्णता. ती बाहेर टाकायची मुख्य वाट घाम, आणि तोही सुकला तरच. एक लिटर घाम सुकताना साधारण २,४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातो, नुसता ओघळून मातीत पडलेला काहीच नेत नाही.

जो रूटचं उदाहरण एकानं काढलं आणि ते चपखल होतं. जानेवारी २०१८ मध्ये सिडनीतल्या कसोटीच्या चौथ्या दिवशी शहराच्या पश्चिमेला पेनरिथमध्ये ४७.३ अंश नोंदले गेले. दुसऱ्या दिवशी इंग्लंडचा तेव्हाचा कर्णधार रूट दवाखान्यात होता, आणि कारण नुसतं ऊन नव्हतं, पोटाचा संसर्गही होता. ऊन आणि पोट, हीच जोडी. त्यानं ५८ धावांवर डाव सोडला. नियमानुसार आजारी बॅट्समन असा निवृत्त होऊन पुढे परत येऊ शकतो.

मग दुसऱ्या कुणीतरी ऑस्ट्रेलियाचा बॅट्समन डीन जोन्स काढलाच. १९८६ ची मद्रास कसोटी, बरोबरीत सुटलेली. वांत्या करत करत काढलेल्या २१० धावा. उन्हाचा विषय निघाला की ही गोष्ट सांगितली जाते, आणि सांगणाऱ्याचे डोळे चमकतात. तिचा शेवट दवाखान्यात सलाइनवर झाला, हे शेपूट मात्र कापलेलं असतं. आमच्या बोलरनं पोट दाबून मैदानावर येण्यामागे या गोष्टीचा वाटा आहे असं मला वाटतं. सिद्ध करता येणार नाही.

माझ्या मते चुका तीन. पाणी ओव्हरला बांधलेलं होतं. माणसाकडे बघायचं काम कुणाचंच नव्हतं: कॅप्टन फील्ड लावत होता, कीपर बॉल बघत होता, मी वाइड मोजत होतो. आणि तिसरी माझ्याच वहीत होती. तेविसाव्यातले दोन वाइड, पंचविसाव्यातली ओव्हर, उलट्या दिशेनं चालणं, हे क्रमानं माझ्यासमोर लिहिलेलं होतं. वर्षानुवर्षं अचूक बोलिंग करणारा माणूस अचानक भरकटतो तेव्हा तो वाईट दिवस असू शकतो. चाळीस अंशांच्या आसपास मात्र ते आधी तब्येतीचं लक्षण मानायला हवं.

त्यानंतर

आता आमच्याकडे ड्रिंक्स घड्याळानं. मोबाइलवर दर ३० मिनिटांनी गजर, चालू ओव्हर पुरी होते आणि तीन मिनिटांचा घोट. गजर माझ्याकडे, कारण सावलीत बसणाऱ्यानं काहीतरी कामाचं करावं. बाटली आधी अंपायरना. ऊन कडक असेल तर वेगवान बोलरला एका दमात तीनच ओव्हर. टॉसच्या आधी कॅप्टन प्रत्येकाला पोट आणि झोप विचारतो. यावर पहिल्यांदा खूप टिंगल झाली. आता होत नाही. आणि एक मोठा प्लास्टिकचा टब घेतला. अजून तरी त्यात फक्त बर्फ आणि बाटल्या असतात.

लीगनं पहिल्यांदा हरकत घेतली की एवढे ब्रेक घेतले तर मॅच संपायच्या नाहीत. पुढच्या कडक उन्हाच्या मॅचला चाळीस ओव्हर पाच छोट्या ब्रेकसकट ३ तास ५ मिनिटांत संपल्या. त्या दिवशीच्या चालीनं, म्हणजे १५ ते २६ या ओव्हरच्या वेगानं, नुसत्या खेळालाच साडेतीन तास लागले असते. एका मॅचवरून काही ठरत नाही, पण आकडे मी लीगला पाठवले आहेत.

महिन्याभरानं बोलर नेटवर आला. जाताना माझ्याकडून ते पुस्तक मागून घेतलं. पहिल्या ड्रिंक्सनंतरचं त्याला काहीच आठवत नाही. एकविसावी ओव्हर आपण टाकली हेही नाही. तो बोट ठेवून एकेक बॉल वाचत होता. सत्ताविसाव्या ओव्हरच्या चौकटीत नो बॉलची एक खूण आहे आणि पुढे कोरं. तिथे तो बराच वेळ थांबला. मग मागे गेला, तेविसाव्यावर बोट आपटून म्हणाला, "काका, हा दुसरा काही वाइड नव्हता."